अनुभवाला ग्रेड कोण देणार?

दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी हवी आणि प्रत्येक पेटी प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात हवी, असं १९४८ च्या कारखाने कायद्यानं घालून दिलं. त्यामुळे चाकणच्या एखाद्या मोठ्या मोटार कारखान्यात बोट कापलं तर कुणाला हाक मारायची, हे नव्या ट्रेनीलाही पहिल्याच आठवड्यात समजतं. पण शेजारच्या मशिनवरचा पोरगा चार रात्री झोपलेला नाही, डबा न उघडताच परत नेतोय आणि बोलता बोलता 'आता बास झालं' म्हणतोय, तर कुणाकडे जायचं? सुपरवायझरला सांगावं तर बोभाटा होतो. ठेकेदाराला सांगावं तर पोराचा गेटपासच बंद व्हायचा. घरच्यांना कळवावं तर घर लातूरला, नाहीतर बिहारात.

अशा वेळी उपयोगी पडू शकेल असा एक माणूस जगात बऱ्याच ठिकाणी पगारावर नेमला जातो. तो डॉक्टर नसतो आणि मानसशास्त्राचा पदवीधरही नसतो. तो स्वतः नैराश्यातून, व्यसनातून, स्किझोफ्रेनियातून किंवा बायपोलर आजारातून गेलेला असतो, सावरलेला असतो आणि त्या अनुभवाच्या जोरावर दुसऱ्याच्या सोबतीला उभा राहतो. इंग्रजीत याला पीअर सपोर्ट म्हणतात. आपण त्याला समानुभवी कार्यकर्ता म्हणू. कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात झाँ-बाप्तिस्त प्युसाँ हा माणूस मनोरुग्णांचा विभाग सांभाळत होता. तो स्वतः त्याच इस्पितळात गंडमाळेचा रुग्ण म्हणून आलेला. नोकर निवडताना तो बरे झालेले रुग्ण शोधायचा, कारण ते मारहाण करत नाहीत असा त्याचा अनुभव. इतिहासात नाव मात्र त्याचा वरिष्ठ डॉक्टर पिनेल याचं झालं.

आपल्याकडे परत येऊ. पिंपरी-चिंचवड हा कामगारांचाच प्रदेश. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत वस्ती सतरा लाखांवर गेली. त्या पहिल्या पिढीला कायम नोकरी होती, युनियन होती, सोसायटीत दोन खोल्या होत्या. माणूस पिऊन पडू लागला की युनियनचा प्रतिनिधी किंवा भजनी मंडळातला बुवा घरी येऊन दम देई. त्याला उपचार म्हणता येणार नाही, पण लक्ष ठेवणारं कुणीतरी होतं. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या पिढीला तेवढंही नाही. एका खोलीत पाच-सहा जण, प्रत्येकाची पाळी वेगळी. एक उठतो तेव्हा दुसरा झोपतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या आत्महत्यांपैकी २६.४ टक्के रोजंदारी करणाऱ्यांच्या आहेत आणि एकूण आत्महत्यांत राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला आहे. या पट्ट्याचा वेगळा आकडा त्यात निघत नाही, पण इथल्या खोल्यांमधून राहणारी माणसं याच वर्गातली किंवा त्याच्या उंबरठ्यावरची आहेत.

समानुभवी माणसाला कामावर घेण्याचा मराठी मुलखातला सगळ्यात भरघोस प्रयोग इथून फार लांब नाही. ऐंशीच्या दशकात पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, शिरली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी व्यसनमुक्ती केंद्रासाठी देणगी देऊ केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या अनिता अवचटांनी त्या इस्पितळाच्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथे दाखल होणाऱ्याला रुग्णमित्र म्हणतात. पाच आठवड्यांचे निवासी उपचार, बायकांसाठी 'सहचरी' गट, नंतरचा पाठपुरावा, या गोष्टी पुष्कळांना ठाऊक आहेत. मला महत्त्वाची वाटते ती त्यांची नोकरभरती. बरे झालेले लोक तिथेच राहिले, वॉर्ड सांभाळू लागले, गट चालवू लागले, समुपदेशक झाले. नव्यानं आलेला माणूस 'तुम्हाला काय कळणार?' म्हणाला की समोरचा सांगू शकतो, 'मीही इथंच दाखल होतो.' एवढ्या एका वाक्यानं आठवड्याचं काम दहा मिनिटांत होतं.

पुढे मात्र अडचण सुरू होते. ते वाक्य बोलून झाल्यावर काय करायचं, हे अनुभव शिकवत नाही. उलट अनुभवच आड येतो. 'मी एका दिवसात सोडली, तुला काय झालंय?' हे सावरलेल्या माणसाच्या तोंडून सहज निघतं आणि ऐकणारा कायमचा बंद होतो. म्हणून प्रशिक्षण लागतं. त्यातला पहिला धडा बहुतेक ठिकाणी एकच असतो: स्वतःची गोष्ट कामापुरती सांगायची.

सरावाचं एक उदाहरण घेऊ. दोन खुर्च्या समोरासमोर. एकानं कंत्राटी कामगाराची भूमिका करायची, दुसऱ्यानं कार्यकर्त्याची. कामगार म्हणतो, "दादा, नाइट करून आलो की झोपच लागत नाही. मग क्वार्टर घेतो." कच्चा कार्यकर्ता लगेच सुरू होतो: "अरे, माझं पण असंच. मी तर दोन-दोन..." आणि पाच मिनिटं त्याचीच कहाणी. तिसरा शिकाऊ बाजूला बसून 'मी' किती वेळा आलं ते वहीत मांडत असतो. दुसऱ्या फेरीत तोच कार्यकर्ता विचारतो, "घेतल्यावर झोप किती लागते?" "दोन तास." "मग जाग आल्यावर?" आता कामगार बोलू लागतो. छातीत धडधड, हात थरथरणं, कामावर जायची भीती. आपलं म्हणून सांगायचं ते शेवटी, एका वाक्यात, आणि तेही गरज असेल तरच.

वरच्या संवादातली 'हात थरथरणं' ही दारू उतरतानाची खूण ज्याला कळली नाही, तो माणूस कितीही कळवळ्याचा असो, धोकादायक आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू थांबवली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. 'उद्यापासून सोड आणि गावाला जाऊन ये' हा आपल्याकडचा लाडका सल्ला. तो ऐकून माणूस एकटाच रात्रीच्या एसटीत बसतो. कार्यकर्त्याला ही लक्षणं पाठ हवीत आणि त्या क्षणी बोलणं थांबवून दवाखाना गाठायची सवय हवी. आत्महत्येचंही तसंच. 'जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का?' असं सरळ विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. विचारायचं धाडस मात्र दहा वेळा मोठ्यानं म्हणून बसवावं लागतं. आणि हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही. चोवीस तास चालणारी 'टेलिमानस'ची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी २०२२ पासून सुरू आहे, तो क्रमांक स्वतः लावून द्यायचा.

मग येतात मर्यादा. पुस्तकात हा विषय रुक्ष वाटतो, चाकणमध्ये तो पाचशे रुपयांच्या रूपात येतो. ज्याला आपण आधार देतो तो महिनाअखेरीस उसने मागतो. दिले तर नातं सावकारीचं होतं, नाही दिले तर 'तूही त्यातलाच' होतं. रात्री दोनला फोन आला तर घ्यायचा का? त्याच्या बायकोनं चौकशी केली तर काय सांगायचं? गोळ्या बंद करू का असं त्यानं विचारलं तर? (उत्तर एकच: डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, मग तुम्ही स्वतः बंद करून ठणठणीत असा.) यात थोडा कायदाही हवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं. आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधी लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क रुग्णाला आहे. थोडं ईएसआयही (कामगार राज्य विमा) हवं. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ते लागू होतं, पण कार्ड कुठे चालतं, चिंचवडच्या मोहननगरच्या इस्पितळात काय घेऊन जायचं, हे सांगणारा माणूस कित्येकदा समुपदेशकापेक्षा जास्त उपयोगाचा ठरतो.

हे सगळं वर्गात एकदा शिकवून भागत नाही. गोव्यात 'संगत' संस्थेनं पदवीचा आग्रह न धरता निवडलेले स्थानिक लोक नैराश्य आणि दारूच्या समस्येवरच्या समुपदेशनासाठी तयार केले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. हे समुपदेशक स्वतः रुग्ण असलेच पाहिजेत अशी अट नव्हती, तरी त्यांची देखरेखीची पद्धत आपण उचलावी अशी आहे. परवानगीनं संभाषण रेकॉर्ड करायचं, गटात बसून ते ऐकायचं आणि ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकांना गुण द्यायचे. असंही आढळलं की या लोकांनी एकमेकांना दिलेले गुण आणि तज्ज्ञांनी दिलेले गुण बरेच जुळतात. म्हणजे देखरेखीसाठी दर वेळी मनोविकारतज्ज्ञ लागतोच असं नाही. क्वालिटी सर्कलमध्ये बसलेल्या कामगाराला ही पद्धत परकी वाटू नये.

पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्रानं 'आत्मीयता' हा प्रयोग नाशिक जिल्ह्यातल्या गावांत सुरू करून पुढे गुजरातच्या मेहसाण्यात वाढवला. गावातलेच लोक त्रासात असलेल्याला ओळखायचे, त्याचं ऐकायचे आणि सरकारी योजनांचे अर्जही भरून द्यायचे. अर्ज भरणं हा भाग मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्याचा पगार अडकलाय त्याला श्वासाचे व्यायाम शिकवण्यात अर्थ नसतो. हेच केंद्र पुढे 'अपसाइड्स' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात उतरलं. गंभीर मानसिक आजारातून सावरलेल्यांना त्यात समानुभवी कार्यकर्ता म्हणून तयार केलं गेलं. पण भारतातलं काम झालं ते गुजरातमध्ये. पुण्यात बसून आखलेली गोष्ट नाशिक फाटा ओलांडून चाकणला आली नाही, याची खंत वाटते.

आता मूळ प्रश्न. या माणसाची ग्रेड कोणती? अकुशल, अर्धकुशल, कुशल ही भाषा या पट्ट्यात चहावाल्यालाही येते. कुठल्याही आयटीआयत न जाता हाताखाली राहून वेल्डिंग शिकलेल्याला 'आधीच्या शिक्षणाची मान्यता', म्हणजे आरपीएल, या योजनेत परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळू शकतं. अनुभवाची परीक्षा घेऊन त्याला दर्जा देणं देशाला जमतं. मग हाच हिशेब इथे का नको? व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अर्धी वाट झाली आहे. केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या पुनर्वसन केंद्रांत पीअर एज्युकेटर हे पद आहे आणि ते व्यसनातून बाहेर पडलेल्यासाठीच आहे. मुक्तांगणसारख्या संस्था इतर केंद्रांच्या लोकांना शिकवतात. मानसिक आजारांच्या बाजूला मात्र सामसूम. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यातल्या यादीत 'मेंटल हेल्थ सपोर्ट वर्कर' हा शब्द आला आहे खरा, पण स्वतः आजारातून गेल्याचा अनुभव ही पात्रता धरावी असं त्यात नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यानं १९९९ मध्येच समानुभवी सेवेचं बिल सरकारी आरोग्य योजनेतून द्यायला सुरुवात केली. पैसे मिळू लागल्यावर प्रमाणपत्र आलं आणि प्रमाणपत्रामागून शिक्षक आले.

पगाराला विरोध आहे तो आतूनच, आणि तो मोडीत काढण्यासारखा नाही. १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या परंपरांत स्पष्ट आहे की दारूड्यानं दारूड्याला दिलेली मदत बिनव्यावसायिकच राहावी. नाव नाही, फी नाही, अधिकार नाही. त्यात विलक्षण ताकद आहे. पण पूर्ण वेळ काम करायचं तर घरभाडं द्यावं लागतं, आणि फुकट काम करणारा थकला की निमूटपणे गळतो. माझ्या मते दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी नांदू द्याव्यात: मीटिंग फुकटच राहावी, दवाखान्यातला आणि वस्तीतला कार्यकर्ता पगारी असावा. पगाराबरोबर शिडीही हवी. दहा वर्षांनी त्यानं नवे कार्यकर्ते शिकवावेत, देखरेख करावी. नाहीतर तो जन्मभर 'बरा झालेला पेशंट' म्हणूनच स्टाफरूमच्या दारात उभा राहतो.

हे कार्यकर्ते कंपनीच्या एचआरखाली नसावेत, यावर मी ठाम आहे. ज्याच्या सहीनं कंत्राट संपतं त्याच्या खोलीत कुणी मन मोकळं करत नाही. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रं या पट्ट्यात आहेत, महापालिकेचे दवाखाने आहेत. जागा गेटबाहेर हवी. वेळ कामगाराच्या सोयीची हवी. इथल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे रविवारचं शिबिर म्हणजे मोकळ्या खुर्च्या. बायकांसाठी बाई कार्यकर्ती हवी. वायरिंग हार्नेसच्या लाईनवर उभ्या राहणाऱ्या मुली पुरुषासमोर बोलणार नाहीत.

आणि कार्यकर्त्याची स्वतःची तब्येत? झोपमोड झाली की बायपोलर आजार उसळी घेतो, हे तर पाठ्यपुस्तकातलं ज्ञान. तेव्हा ज्याला तो आजार आहे त्याला रात्रपाळीवर नेमायचं नाही, हे नेमणूकपत्रातच लिहावं. आजार उलटला तर ती आजारपणाची रजा धरावी, गैरवर्तन नव्हे, आणि रजेवरून परतल्यावर पद तेच राहावं. व्यसनातून आलेल्याचा पाय घसरला तर काही काळ रुग्णांपासून दूर, पण हजेरीपटावर नाव कायम. तीन पाळ्या धरल्या आणि रजेसाठी एक जादा धरला, तर एका वस्तीमागे किमान चार माणसं लागतात. एकट्या माणसाला नेमून, त्याचा फोटो काढून, त्याला तीनही पाळ्यांना पुरवायचं, असा कार्यक्रम कुणी आखत असेल तर त्या माणसानं आधी नेमणूकपत्र वाचून घ्यावं.