आंब्याचा मोहोर आणि माणसाचा हात

आंबा एक वर्ष लगडतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो, असे आपण सहज म्हणतो. बाजारात भाव विचारून रिकाम्या पिशवीने परत फिरणाऱ्या मंडळींना हा रुसवा चांगलाच ठाऊक आहे. खरे पाहता झाड दमलेले असते. मोहोर येतो डहाळीच्या टोकाशी, आणि ती डहाळी पुरती जून झालेली लागते. जिने यंदा फळ पोसले, तिला पुन्हा पालवी फुटून ती जून व्हायला अवधी हवा. तो मिळाला नाही, की पुढले वर्ष कोरडे. पाळी आणि रजा यांचे तंटे सोडवण्यात आमचे आयुष्य गेले, तेव्हा हा हिशेब आम्हांला कोणी शिकवावा लागला नाही.

छाटणी होते ती हा अवधी लवकर सुरू व्हावा म्हणून. फळ उतरताच वाळके देठ आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढल्या, की ऊन आत शिरते व पालवी वेळेवर येते. उशीर केलात तर ऐन मोहोराच्या दिवसांत कोवळी पानेच हाती.

फवारणीची कथा फिलिपाईन्समधली. तेथे मोहोरासाठी झाडाखाली दिवसेंदिवस पाल्याचा धूर करीत. तो धूर खाणारा अर्थात मजूरच. १९७० नंतरच्या काळात रामोन बार्बा या संशोधकाने दाखवले, की शंभर भाग पाण्यात एक भाग पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे फटाक्यांच्या दारूतला सोरा, मिसळून फवारला तरी तेच काम होते. पेटंट त्यांच्याजवळ होते, पण शेतकऱ्यांकडून त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. आमच्या मते शोधाइतकीच ही गोष्ट मोठी.

सोऱ्याने जागा होतो तो तयार असलेला डोळाच. शिवाय कोकणात मोहोराला थंडीची साथ लागते, तेथे एकट्या सोऱ्यावर भागत नाही. म्हणून हापूसच्या मुळाशी पॅक्लोब्युट्राझोल घालतात. हे वाढ रोखणारे औषध आहे. त्याची मात्रा झाडाच्या घेरावरून ठरते. परंतु झाड एकाचे आणि हंगामाचा करार दुसऱ्याचा असला, की करारवाल्याला यंदाचा पैसा तेवढा दिसतो. तो मात्रा वाढवतो, आणि आखूड, खुरटलेल्या डहाळ्यांचे झाड मालकाच्या नि राखणदाराच्या पदरी पडते.

फवारण्यापूर्वीची परीक्षा मात्र फुकट आहे. टोकाकडचे पान मुठीत चुरगळावे. कुरकुरत मोडले तर डहाळी तयार. मऊ दुमडले तर थांबावे. तयार डहाळीवर फवारा बसला, की सुमारे दोन आठवड्यांत डोळे फुगू लागतात.