मोंबेलियार व लुडविग्सबुर्ग : भगिनीनगरांचा संबंध आणि खासगी पत्रें

दोन निरनिराळ्या देशांतील दोन शहरांनीं परस्परांशीं स्नेहाचा करार करून एकमेकांस भगिनीनगर म्हणावें, ही चाल दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांत फार फैलावली. नुसत्या फ्रान्स व जर्मनी या दोन देशांमध्येंच अशा जोड्या दोन हजारांहून अधिक आहेत. इतिहासाच्या अभ्यासकास या प्रकाराविषयीं सहसा आस्था वाटत नाहीं, व त्याचें कारणहि उघड आहे. नगरपालिकेच्या दिवाणखान्यांत टांगलेला सह्याशिक्क्यांचा कागद, मेजवानीचीं भाषणें आणि वेशीवरील पाटी एवढेंच साहित्य त्याच्या पुढें येतें, आणि त्यांत इतिहास थोडा व उपचार फार असतो. परंतु आमच्या मतें हा दोष विषयाचा नसून साहित्य निवडण्याचा आहे. ज्यांनीं दप्तरांचे रुमाल सोडले आहेत त्यांस सांगावयास नको कीं, तहनाम्यावरून काय ठरलें तें कळतें, काय घडलें तें कळण्यास खासगी पत्रें लागतात. हाच न्याय भगिनीनगरांस लावून पाहावा, या हेतूनें पूर्व फ्रान्समधील मोंबेलियार व जर्मनींतील स्टुटगार्टच्या उत्तरेस असलेलें लुडविग्सबुर्ग ही जोडी आम्ही येथें घेतली आहे. महायुद्धानंतरच्या फ्रेंच-जर्मन जोड्यांत ही पहिली मानली जाते. तिचा आरंभ १९५० सालचा.

प्राचीनत्वाचा मान सांगावयाचा तर दुसरी एक जोडी पुढें येईल. इ. स. ८३६ मध्यें संत लिबोरियस याच्या अस्थि फ्रान्समधील ल मांस येथून जर्मनींतील पाडरबोर्न येथें नेण्यांत आल्या, आणि तेव्हांपासून या दोन धर्मपीठांमध्यें बंधुभाव चालत आला आहे असें सांगतात. पण त्या दोन शहरांचा नागरी करार १९६७ सालचा आहे. शिवाय तो संबंध दोन धर्मपीठांचा. त्याचा विचार निराळा करावा लागेल.

मोंबेलियारची गोष्ट एका वाङ्निश्चयापासून सुरू होते. इ. स. १३९७ मध्यें या परगण्याची वारस आंरिएत ही लहान मुलगी होती. तिचा वाङ्निश्चय वुर्टेंबर्गच्या घराण्यांतील एबरहार्टशीं झाला. लग्न पुढें १४०७ सालीं लागलें. १४१९ सालीं नवरा वारला, तेव्हां मुलें अज्ञान होतीं म्हणून तिनेंच कारभार पाहिला. ती १४४४ सालीं वारली. तेव्हांपासून फ्रेंच बोलणारें हें नगर जर्मन घराण्याच्या अमलाखालीं आलें व जवळजवळ चार शतकें राहिलें. जर्मन कागदांत या गावाचें नांव म्योंपेलगार्ट असें येतें. हें ध्यानांत न ठेवल्यास संग्राहकाची मोठी फसगत होते. कारण एकाच गांवचे कागद एका यादींत एका नांवाखालीं व दुसऱ्या यादींत दुसऱ्या नांवाखालीं नोंदलेले असतात, आणि शोधणारा एकच नांव घेऊन बसतो.

या घराण्यांतील फ्रेडरिक हा ड्यूक मोंबेलियार येथेंच १५५७ सालीं जन्मला व १५९३ सालीं वुर्टेंबर्गच्या गादीवर आला. त्याचा स्थपति हाइनरिख शिकहार्ट यानें मोंबेलियारचें सेंट मार्टिनचें ल्यूथरपंथी देऊळ १६०१ ते १६०७ या काळांत बांधलें. तें आजहि उभें आहे. शिकहार्टनें आपण केलेल्या कामांची यादी स्वतःच्या हातानें लिहून ठेविली होती, हें आमच्या वाचकांस विशेष आवडेल. मोंबेलियारचे विद्यार्थी धर्मशास्त्र शिकण्यास ट्यूबिंगेनला जात. ल्यूथरचा पंथ हा दोहोंमधील खरा दुवा होता. भाषा निराळी असतांहि तो टिकला.

येथें एक खुलासा केला पाहिजे, कारण समारंभाच्या प्रसंगीं ही गोष्ट हटकून चुकीची सांगितली जाते. मोंबेलियार व लुडविग्सबुर्ग यांचा संबंध साडेपांचशें वर्षांचा आहे असें म्हणण्याचा प्रघात आहे. तो जसाच्या तसा मान्य करतां येत नाहीं. आंरिएतच्या वेळीं लुडविग्सबुर्ग नांवाचें शहरच नव्हतें, आणि शिकहार्टच्या वेळींहि नव्हतें. ड्यूक एबरहार्ट लुडविग यानें तेथें वाड्याचें काम १७०४ मध्यें सुरू केलें, त्याभोंवतीं शहर वसविलें आणि १७१८ मध्यें आपली राजधानी स्टुटगार्टहून तेथें हलविली. मोंबेलियारच्या स्वतंत्र शाखेचा शेवटचा राजपुरुष १७२३ सालीं वारला. त्याच्या मुलांचा वारसाहक्क, तीं बरोबरीच्या विवाहांतील नव्हेत म्हणून, नाकारण्यांत आला, आणि मोंबेलियार एबरहार्ट लुडविगकडे गेलें. म्हणजे या दोन गांवांचा प्रत्यक्ष संबंध धरावयाचा तर १७२३ पासून धरावा, आणि राजधानी १७३३ सालीं परत स्टुटगार्टला गेली हेंहि विसरूं नये. घराण्याचा संबंध जुना खरा. पण घराण्याचा संबंध म्हणजे गांवाचा संबंध नव्हे, व एका गांवाचा संबंध म्हणजे तेथील माणसांचा संबंध नव्हे.

माणसांचा संबंध कसा असतो याचें उत्कृष्ट उदाहरण जॉर्ज क्युव्हिये याचें आहे. प्राणिशास्त्रांत व जीवाश्मांच्या अभ्यासांत ज्याचें नांव जगभर झालें तो हा पंडित मोंबेलियार येथें २३ ऑगस्ट १७६९ रोजीं जन्मला. आज त्यास सर्व जग फ्रेंच समजतें. जन्मानें तो वुर्टेंबर्गच्या ड्यूकाचा प्रजाजन होता. ड्यूक कार्ल ऑयगेन यानें स्थापिलेल्या स्टुटगार्टच्या विद्यालयांत तो १७८४ पासून १७८८ पर्यंत शिकला. कवि शिलरहि कांहीं वर्षें आधीं याच विद्यालयांतून बाहेर पडला होता. क्युव्हियेची घरची भाषा फ्रेंच, येथील भाषा जर्मन. पण ती त्यानें लवकरच आत्मसात केली. तेथें त्याची गांठ क्रिस्टोफ हाइनरिख प्फाफ या स्टुटगार्टच्या मुलाशीं पडली. प्फाफ त्याच्याहून सुमारें चार वर्षांनीं धाकटा. १७८८ सालीं क्युव्हिये निघून गेला तेव्हां हा अवघा पंधरा वर्षांचा होता.

क्युव्हियेला ड्यूकाच्या पदरीं जागा मिळाली नाहीं. तो नॉर्मंडींत एका सरदाराच्या घरीं मुलाचा शिक्षक होऊन राहिला, प्रथम कां येथें व मागून समुद्रकांठच्या भागांत. तेथून १७८८ ते १७९२ या काळांत त्यानें प्फाफला जीं पत्रें लिहिलीं तीं जर्मन भाषेंत आहेत. समुद्रकिनाऱ्यावर सांपडलेले प्राणी, कीटकांची वर्णनें, वाचलेलीं पुस्तकें, आणि त्याच सुमारास त्याच्या सभोंवतीं घडत असलेल्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या वार्ता असा त्यांचा मजकूर आहे. परक्या मुलखांत राहणारा मोंबेलियारचा तरुण आपल्या स्टुटगार्टच्या मित्रास जर्मनमध्यें फ्रान्सची खबर देतो! १७९३ सालीं फ्रेंच सैन्यानें मोंबेलियार घेतलें, १७९६ च्या तहानें वुर्टेंबर्गनें त्यावरील हक्क सोडला, आणि क्युव्हिये १७९५ पासून पॅरिसला जाऊन राहिला.

पत्रें मात्र प्फाफजवळ राहिलीं. तो पुढें कील येथें प्राध्यापक झाला आणि सुमारें पन्नास वर्षें त्यानें तीं जपलीं. क्युव्हिये १८३२ सालीं वारला. प्फाफ हयात असतांच, १८४५ सालीं, तीं पत्रें कील येथें छापून निघालीं, व १८५८ सालीं त्यांचें फ्रेंच भाषांतर झालें. थोर शास्त्रज्ञाच्या तरुणपणाचें जें चित्र आज चरित्रकार काढतात त्याचा फार मोठा भाग या एका पुडक्यावर उभा आहे. पत्रें लिहिलीं तेव्हां लिहिणाऱ्यास कोणी ओळखत नव्हतें, घेणारा तर शाळकरी मुलगा होता. म्हणून तीं कोणत्याहि सरकारी दप्तरांत शिरलीं नसतीं. वुर्टेंबर्गच्या अमदानींतील मोंबेलियारचे पुष्कळ कागद स्टुटगार्टच्या दप्तरखान्यांत आहेत. पण राज्यकारभाराचा कागद व मित्राचा कागद यांच्या वाटा अगदीं निराळ्या.

यानंतर दीडशें वर्षांत या दोन देशांमध्यें १८७०, १९१४ व १९३९ अशीं तीन युद्धें सुरू झालीं. मोंबेलियार १९४० च्या जूनमध्यें जर्मनांच्या हातीं पडलें व १९४४ च्या नोव्हेंबरांत सुटलें. त्यावर पुरीं सहा वर्षें लोटलीं नाहींत तोंच तेथील नगराध्यक्ष ल्युसिएँ तारादें यांनीं लुडविग्सबुर्गचे नगराध्यक्ष एल्मार डोख यांच्याशीं संबंध जोडला. तारादें हे प्रतिकारसंघांतील कार्यकर्ते, बुखेनवाल्डच्या छळछावणींतून जिवंत परतलेले. ज्यानें ती छावणी भोगली नव्हती अशा एखाद्या नगराध्यक्षानें हा हात पुढें केला असता, तर गांवकऱ्यांनीं तो मान्य केला असता कीं नाहीं याची आम्हांस शंका वाटते. लुडविग्सबुर्गमध्यें १९४८ सालीं फ्रेंच-जर्मन संस्था स्थापन झाली होती, तिचाहि या कामीं उपयोग झाला. आंरिएतची जुनी गोष्ट या वेळीं पुढें करण्यांत आली ती निमित्त म्हणून. तिच्या जोरावर हें काम झालें असें आम्हांस वाटत नाहीं.

सह्यांचा औपचारिक करार १९६२ सालचा आहे. म्हणजे बारा वर्षें हा संबंध मुख्यतः माणसांच्या भरंवशावर चालला, आणि कागद मागाहून आला. त्याच वर्षीं ९ सप्टेंबर रोजीं राष्ट्राध्यक्ष द गोल यांनीं लुडविग्सबुर्गच्या वाड्याच्या चौकांत जर्मन तरुणांपुढें जर्मन भाषेंत भाषण केलें. पुढच्या जानेवारींत दोन्ही राष्ट्रांचा तह झाला. इतिहासाच्या पुस्तकांत भाषण व तह येतात, आधींचीं बारा वर्षें येत नाहींत. १९६५ पासून मोंबेलियारचे नगराध्यक्ष झालेले आंद्रे बुलोश हेहि आउश्विट्झ व फ्लोसेनबुर्ग या छावण्यांतून वांचलेले; त्यांचे आईवडील व एक भाऊ छावण्यांतच मेले. १९७८ सालीं बुलोश स्वतः विमानाच्या अपघातांत वारले, तोहि जर्मनीच्या भूमीवर. त्यांच्या कारकीर्दींत हा संबंध अखंड चालू राहिला. नाझी गुन्ह्यांच्या तपासाची जर्मनीची मध्यवर्ती कचेरी १९५८ पासून लुडविग्सबुर्गमध्येंच आहे, हें या ठिकाणीं नमूद करून ठेवावेंसें वाटतें.

आतां संग्राहकांच्या कामाचें. भगिनीनगरांच्या ओळखीनें जीं मुलें परक्या घरीं राहून आलीं, ज्या गायनमंडळांनीं व क्रीडासंघांनीं एकमेकांकडे फेऱ्या केल्या, त्यांचीं पत्रें नगरपालिकेकडे नसतात. तीं घरांतील खणांत असतात. १९५० च्या सुमारास जीं पंधरा वर्षांचीं होतीं तीं आज हयात असलीं तर नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्या मागें घर आवरणारीं मुलें-नातवंडें पहिली टाकतात ती अशीच पुडकीं, कारण भाषा परकी व नांवें अनोळखी. करारपत्राच्या नकला दोन्ही नगरपालिकांत आहेत, त्यांस धोका नाहीं.

म्हणून असें पुडकें हातीं आलें तर तें सुटें करूं नये; क्रम जसा सांपडला तसाच ठेवावा. पत्र पाकिटासकट ठेवावें, तिकिटासाठीं पाकीट कापूं नये. तारीख पुष्कळदां टपालाच्या शिक्क्यावरूनच कळते. कोणत्या पत्राची भाषा कोणती, लिहिणाऱ्याची कीं घेणाऱ्याची, याची नोंद यादींत अवश्य करावी. गांवाचीं दोन्ही नांवें लिहावींत. दोन्ही बाजूंचीं पत्रें क्वचितच एका घरांत मिळतात, तेव्हां दुसऱ्या बाजूचा पत्ता मिळाल्यास तिकडच्या संग्राहकास कळवावें. आणि लिहिणाराचे वारस हयात असतील तर त्यांच्या अनुमतीवांचून त्यांतील कांहींहि छापूं नये.