आयएसएलची टीम सीझनआधी कशी जोखायची? परदेशी स्ट्रायकरच्या नावावर जाऊ नका, यादी खालून वाचा

आयएसएलचा सीझन जवळ आला की मोबाईलवर तेच सुरू होतं. अमुक क्लबनं परदेशी स्ट्रायकर आणला, त्याची रील आली, आणि कट्ट्यावर 'यंदा कप आपलाच' असं ठरूनही गेलं. टीमची पूर्ण यादी मात्र कोणी वाचत नाही. पंचवीस-तीस नावांतली चार-पाच ओळखीची, बाकीच्यांवरून अंगठा सरकतो. सीझनचा निकाल बऱ्याचदा त्या सरकवलेल्या नावांतच दडलेला असतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाचकाला तर ती नावं वाचायला आणखी एक कारण आहे. आपल्याकडचं पोरगं उद्या वर गेलं, तर ते पोस्टरवरच्या जागेवर जाणार नाही. त्याची जागा त्या खालच्या नावांतच असणार आहे. ते कसं, हे पुढे बघू.

आधी नियम. आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी किती परदेशी खेळाडू उतरवायचे याला मर्यादा आहे. २०२०-२१ च्या सीझनपर्यंत ती पाच होती. २०२१-२२ पासून चार झाली. म्हणजे अकरा जणांत किमान सात भारतीय खेळवावेच लागतात. परदेशी खेळाडू पैसे मोजले की मिळतो, जगभर बाजार मोठा आहे. चांगला भारतीय खेळाडू मात्र मोजकाच आणि त्यावर सगळ्या क्लबांचा डोळा. त्यामुळे परदेशी चौघांत टीमाटीमांत फरक असतो, पण खरी तफावत पडते ती या सात जणांत.

मुंबई सिटीची २०२० ची यादी

उदाहरण म्हणून मुंबई सिटी एफसीची २०२०-२१ ची टीम घ्या. कोरोनामुळे तो अख्खा सीझन गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. मुंबईनं कोच आणला सर्जिओ लोबेरा. हा आधी एफसी गोवाचा कोच. त्याच्या मागोमाग गोव्याचे चार खेळाडूही मुंबईत आले: मोरोक्कोचा अहमद जाहू, सेनेगलचा मुर्तदा फाल, फ्रान्सचा ह्युगो बुमू आणि गोव्याचाच मंदार राव देसाई.

त्या वेळी सगळी चर्चा पुढच्या दोघांची होती. बार्थोलोम्यू ओग्बेचेनं आदल्या सीझनला केरळकडून १५ गोल मारले होते, आणि सोबत इंग्लंडचा ॲडम ले फाँड्रे. कागदावर जोडी भारी. पण ओग्बेचे ३६ वर्षांचा आणि ले फाँड्रे चौतिशीत. वयाचा रकाना वाचणाऱ्याला इथं शंका यायलाच हवी होती, आणि ती शंका चुकीची नव्हती. या वयाचा स्ट्रायकर स्वतः धावून बॉल काढून आणत नाही, त्याला बॉल पोचवावा लागतो. मग पुढचा प्रश्न: पोचवणार कोण?

तिथं खरं बळ होतं. जाहू मधल्या फळीत मागे उभा राहून खेळ चालवायचा. लांब पास अचूक, घाई नाही. बुमू पुढच्या फळीच्या मागे मोकळी जागा शोधायचा. तो आदल्या सीझनचा आयएसएलमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. फाल उंचापुरा, बचावात भिंत आणि कॉर्नरला समोरच्या गोलपुढे धोका. गोलमध्ये कॅप्टन अमरिंदर सिंग. गोलकीपर, मधला बचावपटू, मधली फळी, स्ट्रायकर, हा टीमचा कणा. तो शाबूत असेल तर बाकीच्या चुका झाकल्या जातात. शिवाय जाहू, फाल, बुमू हे लोबेराच्या हाताखाली आधीच खेळलेले. नव्या टीमला एकमेकांचा अंदाज यायला महिना-दोन महिने जातात, मुंबईचे ते वाचले. यादी वाचताना 'नवीन किती आले' यापेक्षा 'एकमेकांबरोबर आधी खेळलेले किती' हे मोजलं तर जास्त कळतं.

सुरुवात तरी फसलीच. २१ नोव्हेंबर २०२० ला पहिल्याच सामन्यात जाहूला पहिल्या हाफमध्ये रेड कार्ड, आणि नॉर्थईस्टकडून १-० ने हार. दुसऱ्या दिवशी सोशल मीडियावर टीमचं श्राद्ध घालून झालं होतं. त्यानंतर मुंबई सलग १२ सामने हरली नाही. २० सामने संपले तेव्हा मुंबई आणि एटीके मोहन बागान दोघांचे ४० गुण झाले. आपसातले दोन्ही सामने मुंबईनं जिंकलेले, म्हणून लीग शील्ड मुंबईला.

बाजूचे गडी आणि बाकावरचे

आता त्या सरकवलेल्या नावांकडे या. मंदार राव देसाई मूळचा विंगर, पुढे बाजूनं धावणारा. लोबेरानं गोव्यातच त्याला मागे डाव्या बचावात आणलं होतं. मुंबईतही तो तिथं खेळला. उजव्या बाजूला मुंबईचा अमेय रानवडे. सीझनआधी याचं नाव किती जणांना माहीत होतं, हा प्रश्नच आहे. पण लोबेराच्या खेळात बाजूच्या बचावपटूंना नुसतं अडवायचं नसतं, बॉल घेऊन वरही चढायचं असतं. परदेशी खेळाडू मध्ये अडकलेले. मैदानाच्या दोन्ही कडा भारतीय पोरांच्या हातात. त्या कडा कच्च्या असत्या तर जाहूचे लांब पास जाणार कुठं?

फायनल १३ मार्च २०२१, फातोर्डा स्टेडियम, समोर पुन्हा मोहन बागान. पहिल्या हाफच्या शेवटी अमेय रानवडेला डोक्याला जबर मार बसला. ॲम्ब्युलन्स मैदानात आली, त्याला हॉस्पिटलला न्यावं लागलं. स्कोअर १-१ आणि उजवी बाजू अचानक रिकामी. जागी मोहम्मद राकिप उतरला आणि मुंबईनं दुसऱ्या हाफमध्ये एकही गोल खाल्ला नाही. ९० व्या मिनिटाला ओग्बेचेनं मांडून दिलेल्या बॉलवर बिपिन सिंगनं गोल मारला, २-१. बिपिन मणिपूरचा, आधीपासून मुंबईतच असलेला खेळाडू. सीझनआधीच्या चर्चेत त्याचं नाव कुठंच नव्हतं.

म्हणून प्रत्येक जागेसाठी दुसरा गडी कोण, हे बोट ठेवून बघा. जिथं दुसरं नावच सापडत नाही, तिथं एक दुखापत किंवा चार यलो कार्डं पुरतात.

गेलेल्यांची नावं

आलेल्यांची रील निघते, गेलेल्यांची नाही. २०२१-२२ च्या सीझनआधी लोबेरा गेला. अमरिंदर आणि बुमू मोहन बागानला गेले. ले फाँड्रे गेला. ओग्बेचे हैदराबादला गेला. ३७ व्या वर्षी त्यानं १८ गोल मारून लीगमध्ये सर्वाधिक गोलचा मान घेतला आणि हैदराबादनं कप उचलला. चॅम्पियन मुंबई मात्र पाचव्या नंबरवर राहिली, प्लेऑफसुद्धा हुकली. जाहू आणि फाल होते, तरी कण्याचे बाकीचे मणके निघून गेले होते. चॅम्पियन म्हणून ज्यांनी डोळे झाकून मुंबईला पहिलं धरलं, त्यांनी ही दुसरी यादी वाचलीच नव्हती.

अर्थात हे गणित शंभर टक्के बसत नाही. लोबेरा आणि चार खेळाडू गमावलेला गोवा त्याच सीझनला सेमीफायनलपर्यंत गेला आणि मुंबईकडून हरला तोही पेनल्टी शूटआऊटवर. नवा कोच, नवा स्ट्रायकर इगोर अँग्युलो, आणि तो १४ गोल मारून गेला. कागदावरून ताकद कळते. नशीब कळत नाही.

आपल्या पोरांनी यातून काय बघायचं

कोणत्याही आयएसएल टीमची यादी घ्या आणि परदेशी खेळाडू कुठल्या जागांवर आहेत त्यावर खूण करा. बहुतेक वेळा खुणा मधोमध पडतील: एक-दोन मधले बचावपटू, एक-दोन मधल्या फळीत, आणि स्ट्रायकर. भारतीयांच्या वाट्याला उरतं गोल, डावी-उजवी बाजू, विंग आणि मधल्या फळीतला एखाद-दुसरा.

याची किंमत भारतीय संघानं मोजली आहे. जून २०२४ मध्ये सुनील छेत्री निवृत्त झाला, आणि मार्च २०२५ मध्ये चाळिशीच्या छेत्रीला परत बोलवावं लागलं. गोल मारणारा दुसरा तयारच झाला नव्हता. क्लबमध्ये ती जागा परदेशी खेळाडूला जात असेल तर भारतीय पोरगा तिथं शिकणार कधी?

शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी यांच्या मॅचला गर्दी लोटते. या मातीतला अनिकेत जाधव २०१७ ला भारताकडून सतरा वर्षांखालील वर्ल्डकप खेळला, पुढे जमशेदपूर आणि हैदराबादकडून आयएसएलमध्ये उतरला. तो आघाडीवरचा खेळाडू, म्हणजे पुढे जागा मिळतच नाही असं नाही. पण तालुक्याच्या मैदानावर दहा पोरांना विचारलं तर आठ जण 'मी स्ट्रायकर' म्हणतात. बाजूच्या बचावाला उभं राहायला कोणी तयार नसतं. तिथं जो धीमा, ज्याला पुढं जमत नाही, त्याला ढकललं जातं. वरच्या लीगमध्ये बरोबर उलटं आहे. तिथं बाजूचा बचावपटू नव्वद मिनिटं वर-खाली धावणारा, क्रॉस घालणारा, परत येऊन अडवणारा लागतो.

त्यात डावखुरा असेल तर मागणी आणखी. डाव्या पायाची पोरं मुळात कमी, आणि डाव्या कडेवरून धावता धावता डाव्या पायानं क्रॉस घालणारा हवाच असतो. क्लबांच्या नव्या याद्या आल्या की डाव्या बचावात नावं किती आहेत आणि त्यांची वयं काय, एवढं तरी घरातल्या खेळणाऱ्या पोराबरोबर बसून बघा. एकच नाव, आणि वय बत्तीस असेल, तर त्या क्लबला येत्या एक-दोन वर्षांत तिथं दुसरा माणूस शोधावाच लागणार आहे.