शब्द येतात, आघात चुकतो

मराठी माध्यमातून शिकून नोकरीला लागलेल्या अनेकांची तक्रार सारखीच असते. व्याकरण पक्कं आहे, शब्द भरपूर येतात, ईमेलही बिनचूक लिहिता येतो. पण मीटिंगमध्ये बोलायला लागलं की समोरचा परदेशी सहकारी 'सॉरी?' म्हणून पुन्हा विचारतो. मग 'ॲक्सेंट' सुधारायचं मनावर घेतलं जातं आणि जीभ वळवून अमेरिकी 'र' काढायचा सराव सुरू होतो. खरी अडचण बहुतेक वेळा तिथे नसतेच. ती आघातात असते: कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा आणि कोणतं ओझरतं उच्चारायचं, यात.

मराठीत आपण प्रत्येक अक्षर जवळपास सारख्या जोराने उच्चारतो. जोर इकडून तिकडे गेला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत तो बदलू शकतो. 'रेकॉर्ड'च्या पहिल्या भागावर जोर दिला तर अर्थ होतो नोंद. दुसऱ्यावर दिला तर नोंद करणं. जोराचं अक्षर लांबतं, ठळक होतं, त्याचा सूरही बहुधा चढतो. उरलेल्या अक्षरांतले स्वर मात्र आखडतात आणि त्यातले कितीतरी 'श्वा' नावाच्या एकाच पुसट स्वरात विरतात. शब्दकोशात हा स्वर उलट्या छापलेल्या इंग्रजी 'ई' (e) अक्षराने दाखवतात. तो आपल्या 'अ'च्या अगदी जवळचा आहे, म्हणजे मराठी माणसाला त्यासाठी नवा ध्वनी शिकावा लागत नाही. तो कुठे वापरायचा, एवढंच शिकायचं असतं.

गोंधळ होतो तो स्पेलिंगमुळे. 'ओ' दिसला की आपण 'ओ' किंवा 'ऑ' म्हणतो. आपला 'कॉम्प्युटर' इंग्रजीत 'कम्प्यूटर' असतो आणि जोर 'प्यू'वर येतो. 'प्रोफेसर'चा 'प्रफेसर' होतो, जोर 'फे'वर. 'हॉटेल'मध्ये जोर शेवटच्या 'टेल'वर असतो. 'फोटोग्राफ'मध्ये तो 'फो'वर असतो, पण 'फोटोग्राफी' म्हणताना 'टॉ'वर सरकतो आणि उच्चार साधारण 'फटॉग्रफी' असा होतो. मराठी बोलताना हे शब्द मराठी पद्धतीनेच म्हणावेत, ते आता आपलेच आहेत. इंग्रजी वाक्यात मात्र त्यांचा मूळ आघात हवा, कारण इंग्रजी ऐकणारा शब्द ओळखताना जोराच्या अक्षराचा मोठा आधार घेतो. तो आधार भलत्याच जागी मिळाला की ओळखीचा शब्दही त्याला परका वाटतो.

वाक्यातही हेच तत्त्व चालतं. नाम, मुख्य क्रियापद, विशेषण यांवर जोर. 'टू', 'ऑफ', 'फॉर', 'कॅन' असे छोटे शब्द दबलेले. 'मी येऊ शकतो' हे सांगताना 'कॅन' जवळजवळ 'कन' होतो. आपण तो ठासून 'कॅन' म्हटला, तर विशेषतः अमेरिकी ऐकणाऱ्याला नकारार्थी 'कॅन्ट' म्हटल्यासारखं वाटू शकतं आणि होकाराचा नकार होतो.

भर द्यायची रीतही दोन्ही भाषांत वेगळी आहे. आपल्याकडे 'च' आहे: 'मीच सांगितलं', 'कालच सांगितलं', 'सांगितलंच'. इंग्रजीत हे काम मुख्यतः आवाज करतो. वाक्य तेच ठेवून जोर 'आय'वर दिला की 'मीच' होतं, 'यस्टरडे'वर दिला की 'कालच'. आपण त्याऐवजी 'यस्टरडे ओन्ली' म्हणतो. भारतात ते सर्रास चालतं. बाहेरच्या ऐकणाऱ्याला मात्र त्या 'ओन्ली'चा रोख लगेच कळत नाही.

सुट्या ध्वनींपैकी दोन गोष्टींवर मेहनत घ्यावी. पहिली, 'व'. इंग्रजीत दोन 'व' आहेत: एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात दोन्ही ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. आपला 'व' या दोहोंच्या मधला आहे. दुसरी, शब्दारंभीचे 'प' आणि 'क'. इंग्रजीत जोराच्या अक्षराच्या सुरुवातीला त्यांच्यासोबत हवेचा झोत बाहेर पडतो. तो नसला तर 'पॅक'चा 'बॅक' आणि 'कोट'चा 'गोट' ऐकू येऊ शकतो. तोंडासमोर कागदाचा कपटा धरून 'पॅक' म्हणावं. कपटा हलला पाहिजे.

बाकी उच्चार मराठी वळणाचे राहिले तरी फारसं बिघडत नाही. मरी मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातल्या अभ्यासकांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की बोलण्याची ढब ठळकपणे परकी असली, तरी प्रत्येक शब्द कळू शकतो. जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, जगभरच्या लोकांनी एकमेकांशी इंग्रजी बोलताना कोणते उच्चार सांभाळलेच पाहिजेत, हे मांडलं. त्यात वाक्यातला मुख्य आघात आहे, स्वरांची लांबी आहे आणि हवेचा तो झोतही आहे. आपल्याला छळणारे 'थ' आणि 'द' त्या यादीत नाहीत.

सराव घरी होतो, पैसे लागत नाहीत. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात जोराच्या अक्षराआधी छोटी उभी रेघ असते आणि उच्चारही ऐकता येतो. नवा शब्द तिथे पाहूनच शिकावा. १९४३ पासून इंग्रजी शिकवणाऱ्या बीबीसीचे धडे मोफत मिळतात. त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्यावा, संहितेवर जोराच्या जागी खुणा कराव्यात, बोलणाऱ्याच्या पाठोपाठ म्हणावं, मोबाइलवर रेकॉर्ड करून ताडून पाहावं. रोज नवा तुकडा नको. एकच तुकडा जिभेवर बसेपर्यंत घोळवावा. आणि घाई करू नये. सगळी अक्षरं सारख्या जोराने, भरभर म्हटलेलं इंग्रजी समजायला सर्वांत अवघड. अर्थाच्या टप्प्यावर थांबत बोलणारा माणूस जास्त सहज वाटतो.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. शिक्षकांना विनंती आहे, फळ्यावर नवा शब्द लिहिताना त्याच्या आघाताची खूणही करा. मुलाखत घेणाऱ्यांनी उमेदवाराच्या मराठी ढबीवरून त्याची पारख करू नये. आणि शिकणाऱ्यांनो, लंडन-न्यूयॉर्कची नक्कल करू नका. आवाज तुमचाच राहू द्या, आघात तेवढा इंग्रजीचा घ्या.