पटावरची सरमिसळ आणि आजीचा डाव

अमेरिकेतल्या मुलांकडे सहा महिने राहून परतलेले आजी-आजोबा तपासणीस येतात, तेव्हा रक्तदाब आणि साखरेच्या आकड्यांबरोबर तिकडच्या दिनक्रमाचीही मी चौकशी करतो. त्यात अलीकडे एक वर्णन पुनःपुन्हा कानावर येते. शनिवारी दुपारी नातवंडे आपल्या मित्रांसह जेवणाच्या टेबलाभोवती बसतात, मध्ये चौकटी आखलेला कागद अंथरतात, त्यावर दीड इंच उंचीच्या रंगीत प्लॅस्टिकच्या मूर्ती मांडतात आणि तीन-चार तास एक गोष्ट रचत खेळतात. ‘‘आणि तुम्ही?’’ असे विचारले की उत्तर येते, ‘‘आम्ही बघतो.’’

या दोन शब्दांमागे नावड क्वचितच असते. बहुधा असतात ती धूसर नजर, आखडलेली बोटे आणि संकोच. यांपैकी पहिल्या दोहोंवर उपाय मूर्तींच्या त्या डब्यातच असतो, असे माझे मत आहे.

खेळाची थोडी ओळख करून घेऊ. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला आद्य खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. एकजण सूत्रधार होतो; बाकीचे एकेक पात्र घेतात. कोण काय करणार हे खेळाडू सांगतात आणि ते साधले की फसले हे फासा ठरवतो. पात्र पटावर कुठे उभे आहे, हे दाखवण्यापुरतीच मूर्ती. आरंभीच्या काळात राक्षसांच्या मूर्ती सहज मिळत नसत, तेव्हा गायगॅक्सने हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या प्राण्यांचे पाकीट आणून ते पटावर मांडले. लोखंडाला गंज चढवून ते खाणारा राक्षस आणि घुबडाच्या तोंडाचे अस्वल, हे या खेळातले दोन प्रसिद्ध प्राणी त्या पाकिटातूनच जन्मले. सरमिसळ ही या खेळाची जुनीच रीत आहे.

कारखान्यातूनच रंगवून आलेल्या मूर्तींचे पीक मात्र पुढचे. २००० साली ‘मेज नाइट’, २००२ साली ‘हीरोक्लिक्स’, २००३ साली खुद्द ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मूर्ती, २००४ साली ‘स्टार वॉर्स’च्या. घरोघरच्या डब्यांत आता हे सारे एकत्र नांदते. काटेकोर संग्राहकांना ते खटकते: याची उंची अधिक, त्याची बैठक रुंद, हा तलवारवाला तर तो अंतराळवीर. दिवाळीत किल्ला करणाऱ्या आपल्या पिढीला त्यात वावगे वाटू नये. मातीच्या वीतभर मावळ्याशेजारी बोटभर वाघ आणि पायथ्याशी प्लॅस्टिकची मोटार आपण बिनदिक्कत मांडलेली आहे.

वैद्यकीय दृष्टीने तर सरमिसळ लाभाचीच ठरते. वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळसर होते, बाहुली लहान राहते आणि फिकट-गडद यांतला भेद ओळखण्याची शक्ती घटते. चष्म्याचा क्रमांक बरोबर असूनही करड्या कागदावरचे पाच तपकिरी योद्धे एकसारखे दिसतात, ते यामुळे. निळा आणि हिरवा यांतही गल्लत होते. अशा वेळी एकाच संचातल्या पाच मूर्तींपेक्षा पाच निरनिराळ्या खेळांतल्या मूर्ती ओळखायला सोप्या जातात. आजीसाठी मूर्ती निवडताना रंगापेक्षा बाह्याकृती पाहावी: पंख पसरलेली, झगा फुललेला, हात उंचावलेला. बैठकीच्या कडेला पांढऱ्या वा पिवळ्या रंगाची पट्टी द्यावी. दिवा डोळ्यांवर न येता बाजूने पटावर पडावा. मोतीबिंदू असेल तर चकचकीत प्लॅस्टिकवेष्टित पटावरून प्रकाश परावर्तित होऊन त्रास होतो; साधा, मळकट पांढरा कागद बरा.

बोटांचा प्रश्न याहून नाजूक आहे. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्यांना चिमटीत वस्तू धरणे हीच सर्वांत दुखरी हालचाल. कंपवात असेल, तर एक मूर्ती उचलताना शेजारच्या चार आडव्या होतात आणि माणूस ओशाळून हात मागे घेतो. या खेळाच्या पटावर सामान्यतः एक इंचाच्या चौकटी असतात. ‘हीरोक्लिक्स’च्या मूर्ती मात्र फिरत्या चकतीवर उभ्या असतात आणि त्या खेळाचे पट दीड इंचाच्या चौकटींचे असतात. हौशी मंडळी ही चकती कापून मूर्ती लहान बैठकीवर चिकटवतात. ज्येष्ठांसाठी ती कापू नये. रुंद चकती सगळ्या बोटांनी धरता येते आणि धक्क्याने सहजी पडत नाही. त्याऐवजी साऱ्या पटालाच दीड इंचाच्या चौकटी आखाव्यात. इतर मूर्तींखाली जाड पुठ्ठ्याच्या चकत्या डकवल्या की सर्व एका मापात येतात.

फासे परातीत टाकावेत. ही सूचना हसण्यावारी नेऊ नये. टेबलाखाली गेलेला फासा शोधायला वाकून झटकन उठताना, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर, भोवळ येऊन पडण्याची भीती असते.

बैठकीखाली चुंबक बसवण्याची पद्धत आहे. घरात लहान मूल असेल, किंवा स्मृतिभ्रंशामुळे वस्तू तोंडात घालणारी वृद्ध व्यक्ती असेल, तर ही पद्धत पूर्णपणे टाळावी. दोन चुंबक गिळले गेल्यास आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना खेचून भोक पाडू शकतात. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मूर्ती चिकटवताना झटपट चिकटणारा गोंद बोटांना लागला, तर बोटे ओढून सोडवू नयेत, कोमट साबणपाण्यात भिजत ठेवावीत. डोळ्यात गेला तर पाण्याने धुवावे, पापणी बळाने न उघडता नेत्रतज्ज्ञांकडे जावे. वाकलेली तलवार सरळ करण्यासाठी मूर्ती कढत पाण्यात बुडवून मग गार पाण्यात धरतात. हे काम मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी स्वतः करू नये.

तीन-चार तासांच्या खेळात मधुमेही रुग्णाचे जेवण आणि इन्सुलिन यांची वेळ चुकते. पोरांच्या वेफर्सनी ती चूक भरून निघत नाही. दर पाऊण तासाला उठून चार पावले चालावे. ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तीला सूत्रधारासमोर बसवावे आणि एका वेळी एकानेच बोलावे.

या खेळाने स्मृतिभ्रंश टळतो, असे मी म्हणणार नाही. असलेल्या विकारात मात्र प्रत्येक वेळी तीच मूर्ती आणि तेच पात्र द्यावे; ‘मागच्या वेळी काय झाले, सांगा बघू’ अशी परीक्षा घेऊ नये. मागची कथा सूत्रधारानेच थोडक्यात सांगावी.

नियमांचे जाड पुस्तक आजीने वाचण्याची गरज नाही. प्रारंभी तिला वाटेवरच्या धर्मशाळेच्या मालकिणीची भूमिका द्यावी: कोणाला मुक्काम द्यायचा, कोणाला दारातूनच परत पाठवायचे, हे ती ठरवेल, आणि मराठीत बोलली तर नातू भाषांतर करील. डब्यात तशी मूर्ती सापडली नाही, तर बुद्धिबळातला वजीर उभा करावा. त्यालाही पुठ्ठ्याची रुंद चकती लावावी.