थरथरीच्या उलट हलणारे हत्यार

दोन वर्षांपूर्वी आईच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर पापुद्रा धरला. दाराची चौकट तिला वाकडी दिसू लागली. शस्त्रक्रिया सोलापुरातच ठरली. डॉक्टर साठीचे. माझी नजर त्यांच्या हातांवर आहे हे त्यांच्या लक्षात आले. म्हणाले, "हात सगळ्यांचाच थरथरतो. तुमचाही."

ते खरे आहे. निरोगी हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा कापतो. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत हत्याराच्या टोकाशी ही थरथर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, कधी जास्तही भरते. चहाचा कप धरताना तिचा पत्ता लागत नाही. पण डोळ्याचा पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड, आणि वरचा पापुद्रा त्याहून कितीतरी पातळ.

मी आयुष्यभर यंत्रमाग दुरुस्त केले. माग हादरला की आम्ही पाया पक्का करतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रसेल टेलर यांच्या गटाने साधारण हीच वाट धरली. तिथे हत्यार सर्जन आणि यंत्राचा ताठ बाहू असे दोघे मिळून धरतात. थरथर बाहूच्या ताठपणात जिरते. कार्नेगी मेलन विद्यापीठात कॅमेरॉन रिव्हिएरे यांनी केलेले 'मायक्रॉन' मात्र नुसते हातात धरायचे. मूठ थरथरू द्यायची, टोक तेवढेच उलट हलवायचे. या कामाच्या सुरुवातीच्या सहकाऱ्यांत आयआयटी खरगपूरमध्ये शिकलेले प्रदीप खोसला होते.

टोक हलवतात ते वीज दिली की किंचित लांबणारे पीझो स्फटिक. खरी अडचण पुढे आहे. सर्जनला हवी असलेली हालचाल कोणती आणि नको असलेली कोणती? यंत्राला मन कळत नाही, वेग कळतो. मुद्दाम केलेली हालचाल संथ असते, थरथर जलद. मग जलद तेवढे गाळून टाकावे, असे मलाही वाटले होते. पण गाळायला वेळ लागतो. थरथरीचा एक फेरा सेकंदाच्या दहाव्या भागात पुरा होतो. दुरुस्तीला सेकंदाचा विसावा भाग उशीर झाला, तर हात तोवर दुसऱ्या बाजूला गेलेला असतो आणि यंत्र टोकालाही त्याच बाजूला ढकलते. थरथर दुप्पट! म्हणून गणित असे रचले, की ते थरथरीची लय शिकत राहते आणि पुढचा हेलकावा आधीच ताडते. एकदाच बसणारा धक्का मात्र असा ताडता येत नाही. त्याला लयच नसते.

ऑक्सफर्डमध्ये २०१६ साली रॉबर्ट मॅक्लारेन यांनी रोबोटच्या मदतीने माणसाच्या डोळ्यातला असाच पापुद्रा काढला. तो रोबोट दुरून, दांड्याने चालवायचा होता. काम नेमके झाले, पण त्या चाचण्यांत हाताने लागतो त्यापेक्षा वेळ जास्त लागला. मायक्रॉनचा बहुतेक प्रवास प्रयोगशाळेतला. तरी माझा कल हातातल्या हत्याराकडे आहे. डोळ्याचे ऑपरेशन पुष्कळदा रुग्ण जागा असताना होते, आणि रुग्ण खोकतो. तेव्हा हातातले हत्यार हाताबरोबरच झटकन मागे येते. आई दोनदा खोकली होती.

तिच्या वेळी यातले काहीच नव्हते. डॉक्टरांनी मनगटे टेकवली होती, आणि सकाळपासून चहा घेतला नव्हता, असे नर्सने सांगितले. चौकट आता सरळ दिसते. पोथीतली अक्षरे अजून थोडी हलतात.