पाण्याच्या गावाला जायचंय!

"व्हेनिसला जाऊन करायचं तरी काय? सगळीकडे पाणीच तर आहे!"

गेल्या महिन्यात आमच्या भिशीत मी सहलीचा विषय काढला आणि एका मैत्रिणीने असा एका वाक्यात निकाल लावला. सगळ्या हसल्या. कोपऱ्यात बसलेल्या आमच्या अक्का मात्र हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच तर जायचंय बाई. आयुष्यभर पाण्याच्या मागे पळाले. एकदा पाणी स्वतःहून दारात आलेलं गाव बघू दे की!"

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. वय त्रेसष्ट. अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात सारा संसार झाला. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. २०१२-१३चा दुष्काळ आठवतोय ना? जालन्यात आमच्या नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नव्हतं, पण निदान नळ तरी होता. अक्का घागरी घेऊन टँकरच्या रांगेत रात्रीच नंबर लावायच्या. 'जालना सोन्याचा पालना' असं आपण कौतुकाने म्हणतो खरं, पण या पाळण्यातल्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा काही लवकर उतरला नाही.

माझी गोष्ट वेगळी. मी परदेश पाहिलेली बाई! लेक म्युनिकला असते. चार वर्षांपूर्वी तिच्या बाळंतपणाला गेले होते. पूर्ण तीन महिने. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, "काय काय पाहिलं?" मी काय सांगणार? डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची अंघोळ आणि खिडकीतून दिसणारा बर्फ! माझ्यासारख्या किती आया अशा 'फॉरेन रिटर्न' असतील, ज्यांनी तिकडचं फक्त स्वयंपाकघर पाहिलं. यंदा लेक स्वतःच म्हणाली, "आई, या वेळी बाळासाठी नाही, तुझ्यासाठी ये." मी लगेच म्हटलं, "येते. पण अक्कांना घेऊन. आणि तीन दिवस व्हेनिस!"

व्हेनिसच का? खरं सांगू, १९७९च्या 'द ग्रेट गॅम्बलर'मधली अमिताभ-झीनतची ती नाव! तेव्हापासून हे गाव मनात रुतून बसलंय.

पण बोलणं सोपं आणि कागद जमवणं कठीण. पहिली अडचण अक्कांच्या नावाची. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं दुसरंच, आधार कार्डावर सासरचं आणि बँकेच्या पासबुकात स्पेलिंग तिसरंच. म्हणजे एकाच बाईच्या चार बायका! लग्नाचं प्रमाणपत्र नाही म्हणून पासपोर्ट अडत नाही, तो नियम २०१६च्या डिसेंबरात शिथिल झाला. पण कागदोपत्री नाव एकच लागतं. आधी राजपत्रात नावाचा बदल प्रसिद्ध करून घेतला, मग आधार, पॅन, बँक असं एकेक सुधारलं. यातच चार महिने गेले. मैत्रिणींनो, परदेशी जायचं असो वा नसो, आपलं नाव सगळ्या कागदांवर सारखं आहे का, हे आजच बघून घ्या. पेन्शन, वारसाहक्क, विमा, सगळीकडे ते कामाला येतं.

दुसरी अडचण पैशांची. अक्कांनी बचत गटातून शेवया-पापड करून, त्यात मोसंबीच्या दोन बऱ्या वर्षांची भर घालून पावणेदोन लाख साठवलेले. भाचा म्हणाला, "आई, एवढ्यात एक बोअर होतो." चूक नव्हतं त्याचं. त्याचीही शेती, त्याचीही काळजी. मला तर अपराधी वाटायला लागलं. आपण उगाच वेड लावलं का यांना? दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी अक्काच म्हणाल्या, "तुझ्या वडलांनी पाच बोअर घेतले. पाणी एकाला लागलं. चार कोरडे गेले, त्याचा हिशोब कुणी मागितला का? माझा हा एक कोरडा गेला असं समज." भाचा उठून बाहेर गेला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "पासपोर्टच्या तारखेला मीच नेतो तुला."

आता नियोजनाचं सांगते. युरोपच्या मोठ्या सहलीत व्हेनिसच्या वाट्याला बहुधा अर्धा-पाऊण दिवस येतो. बोटीने जायचं, चौक बघायचा, फोटो काढायचे, परत बस. पहिल्यांदा जाणाऱ्यांना अशी सहल सोयीची, जेवणाची चिंता नाही, भाषेची नाही. आमच्या मदतीला लेक आहे, म्हणून आम्ही वेगळा बेत केला. आधी म्युनिकला आठ दिवस, मग रेल्वेने आल्प्स ओलांडून साधारण सात तासांत व्हेनिस. शेवटची काही मिनिटं गाडी चक्क पाण्यावरच्या पुलावरून जाते. हा पूल १८४६ साली बांधला. त्याआधी गावात जायला होडीशिवाय गत्यंतरच नव्हतं.

व्हिसा शेंगेनचा. अनेक देश फिरायचे तर ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे अर्ज. म्हणून आमचा अर्ज जर्मनीकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. शुल्क २०२४च्या जूनपासून मोठ्या माणसाला ९० युरो, सेवाशुल्क वेगळं. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा हवा. हिशोबाला सोपं म्हणून आम्ही एक युरो म्हणजे शंभर रुपये धरले.

महिना ठरवायलाही अभ्यास लागला. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी. ऑक्टोबरपासून थंडीभर समुद्राला उधाण येऊन गावात पाणी शिरतं. २०१९च्या नोव्हेंबरात तर भरतीची पातळी १८७ सेंटीमीटरवर गेली होती. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी मोठे दरवाजे वर उचलून भरती अडवतात, तरी धोका कशाला? आम्ही सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरलाय.

गाव कसं आहे म्हणाल, तर ११८ लहान लहान बेटं आणि चारशेवर पूल. मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. पायी चला, नाहीतर बोटीत बसा. पुलांना पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघे आणि चाकांची बॅग, दोन्हींचा विचार आधी करा! आम्ही एकेक लहान बॅगच नेणार. तिथली एसटी म्हणजे 'व्हापोरेत्तो', पाण्यावरची बस. एका वेळचं तिकीट साडेनऊ युरो, पण तीन दिवसांचा पास ४५ युरोंना मिळतो. अमिताभवाली नाव, म्हणजे गोंडोला, अर्ध्या तासाला ९० युरो, रात्री ११०. हा दर माणशी नसून पूर्ण नावेचा. तेवढे पैसे नसतील तर मुख्य कालवा ओलांडून देणारी साधी गोंडोला असते, दोन युरोत पलीकडे! आमच्या ह्यांनी विचारलं, "दोन युरोत गाणं म्हणता येईल का?" म्हटलं, येईल, पण तुम्ही इथेच आहात. सासूबाईंना सांभाळायला!

हो, तेही ठरलंय. सासूबाई शहाऐंशीच्या. सून आणि लेक दोघी एकदम जाणार म्हटल्यावर मला वाटलं, त्याच अडवतील. त्या म्हणाल्या, "जा दोघी. ह्याला वरण-भात येतो. नाहीतर शिकेल."

आणखी एक. गर्दी आवरायला २०२४ पासून व्हेनिसने ठराविक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश शुल्क लावलंय. शहरात मुक्काम करणाऱ्याला ते माफ, पण नोंदणी करून ठेवावी लागते. खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. पिझ्झा आहेच, शिवाय तिकडचा 'पोलेंता' म्हणजे आपला मक्याच्या पिठाचा घाटा! चटण्या, भाजकं पीठ न्या, पण पेढे, तूप, खवा बॅगेत भरू नका. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत.

बघण्याच्या यादीत सेंट मार्कचा चौक, तिथलं चर्च, डोजेचा राजवाडा, १५९१ साली पुरा झालेला रियाल्टोचा पूल आणि बुरानो बेट आहे. त्या बेटावर बायका सुईने लेस विणत. १८७२च्या कडक थंडीत कोळ्यांच्या घरी उपासमार झाली, तेव्हा मुलींना हाताला काम मिळावं म्हणून लेसची शाळा निघाली. आता तिथे संग्रहालय आहे.

पण यादीत सगळ्यात वर काय आहे, ओळखा! विहिरी.

त्याचं असं झालं. लेकीने फोनवर सांगितलं, "आई, व्हेनिसला चहूबाजूंनी पाणी, पण प्यायला एक थेंब नव्हता." सगळं खारं! मग लोकांनी काय केलं? चौकाचौकात खोल खड्डे खणले, समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून त्यांना चिकणमातीचं अस्तर लावलं, आत वाळू भरली आणि मधोमध विटांची विहीर बांधली. चौकात पडणारा पावसाचा थेंबन् थेंब वाळूतून गाळून विहिरीत. एकोणिसाव्या शतकात अशा सहा हजारांवर विहिरी होत्या. झाकणाला कुलूप! घंटा झाली की दिवसातून दोनदा उघडायचं. पाऊस कमी झाला की ब्रेंता नदीचं गोडं पाणी नावांमधून यायचं. आणि घरोघर पाणी पोचवायला बायका असत, डोंगराकडच्या गावांतून पोटासाठी आलेल्या. खांद्यावर वाकडं लाकूड, त्याच्या दोन टोकांना तांब्याच्या बादल्या. 'बिगोलांती' म्हणायचे त्यांना. गावात नळ आला १८८४ साली.

मी हे सगळं अक्कांना वाचून दाखवलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे कावडच की. आणि नावेतला टँकर." थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "मला वाटायचं, हे दुःख आपल्याच कपाळी लिहिलंय."

डोजेच्या राजवाड्याच्या अंगणात अशाच दोन विहिरींचे कांस्याचे कठडे अजून आहेत. अक्कांना त्यांच्यावर हात ठेवायचाय, बस्स. बाकी राजवाडा मी पाहायचा!

पासपोर्ट मागच्याच आठवड्यात पोस्टाने आला. आता पुढच्या मंगळवारी व्हिसाच्या ठशांसाठी मुंबईला जायचंय. माझे चार वर्षांपूर्वीचे ठसे चालतात, पाच वर्षांना एक महिना कमी अशी त्यांची मुदत. अक्कांचे मात्र पहिल्यांदाच. आणि खरी धाकधूक तीच आहे. दोरी ओढून, कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजल्यात. रेशनच्या मशीनवरही कधी उमटतात, कधी नाही.

रोज रात्री त्या बोटांना दुधाची साय चोळत बसतात. काल मी म्हटलं, "अक्का, होईल सगळं नीट." तर म्हणाल्या, "नाही झालं तरी एक झालं. सगळ्या कागदांवर माझं एकच नाव झालं."

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशा एखाद्या अक्का असतील. त्यांना एकदा विचारून तरी बघा, "तुम्हाला कुठे जायचंय?"